गौरीपुढची फुगडी

खोटं कशाला बोलू, या चतुर्थीला मी देवीवर रुसले होते. उन्हाळ्यात परसात काजूबिया भाजताना सालीतलं पेटलेलं तेल उजव्या हातावर उडालं. जखम भरली, पण कातडी आखडली आणि बोटं अर्ध्यावरच अडली. कुडाळला हाताचे व्यायाम करून घेणारी डॉक्टरीण दर खेपेला पकड मोजायचं यंत्र मुठीत द्यायची. मी दातओठ खाऊन दाबायचे, काटा मात्र हलायचं नाव घेत नसे. "काकी, तुम्ही घाबरता. कातडी फाटणार नाही, जोर लावा," ती म्हणायची. तिला काय जातंय म्हणायला! सणानंतरही पकड वाढली नाही तर ऑपरेशन, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या धास्तीने मला घास गोड लागत नव्हता.

गौरीच्या दिवशी दुपारी शेजारीण मला ओढूनच तिच्या घरी घेऊन गेली. गौरीपुढे फुगड्या रंगल्या होत्या. मी हात पदराखाली घेऊन भिंतीशी बसले. तेवढ्यात एक जाडजूड, घामाघूम झालेली अनोळखी बाई हसत आली आणि माझे दोन्ही हात धरून तिने मला उठवलंच.

"गो बाय, माझो हात भाजलेलो आसा!" मी ओरडले.

"दिसता माका. मागे वाक. तुका पडाक देवचंय नाय."

आणि लागली की फिरायला! फुगडीत अर्धंमुर्धं वाकून भागत नाही, समोरचीवर भार टाकावाच लागतो. घर गरगरलं, बायका ओरडू लागल्या. "आई गो, सांभाळ!" म्हणत मी अंग सोडून दिलं आणि मग इतकी हसले, इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. थांबलो तेव्हा पाहते तर माझ्या बोटांनी तिचं मनगट गच्च धरलेलं. कातडी जशीच्या तशी!

पाणी पिऊन वळले तर बाई गायब. कुणाची पाहुणी, कुणालाच सांगता येईना. चतुर्थीला घरोघरी पाहुणे असतात, असेल कुणाची तरी. मीही फार शोधलं नाही.

पुढच्या खेपेला यंत्राचा काटा असा सरकला की डॉक्टरीण खुर्चीतून उठली. "काकी, काय केलंत काय?"

"फुगडी घातलंय!" मी म्हटलं, आणि दोघी हसत सुटलो. ऑपरेशन टळलं.

देवी आई, माझा हात बरा कर म्हणून तुला रोज विनवत होते, पण तो तुझ्या हाती द्यायचा काही धीर होत नव्हता. शेवटी तूच ओढून घेतलास. आता माझा सगळा भार तुझ्यावर, आणि मी हसायला मोकळी.