हुकुमदार आणि कन्हेरीची वाट

हुकुमदार चालू लागले की त्यांच्या डाव्या हातातली दुधाची चरवी शरीरालाच फुटलेल्या फांदीसारखी स्थिर राही. कन्हेरीहून बारामतीपर्यंत दोन कोसांची धूळवाट, मध्ये कालव्याचा चढ, गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. तरी दुधावरचा फेस काठाला लागत नसे. ते रतीब घालायला निघत आणि त्यांच्यामागे, दप्तर सांभाळत, मी शाळेला.

पलटणीतली सारी वर्षं त्यांनी पुण्याला लाटसाहेबांच्या, म्हणजे गव्हर्नरांच्या, फाटकावर काढली होती. गावात ते हे सांगत नसत; वाटेवर मला सांगत. "दुसरी लढाया सांगत्यात. मी काय सांगू? मी उभा व्हतो." एका समारंभात गांधीलमाशी कानाच्या पाळीला डसली, पण त्यांनी पापणी लववली नाही. ती पाळी पुढे जाडच राहिली. मी हसले की म्हणत, "हास. माशीबी चकली आसंल, मानूस हाय का खांब."

एकच गोष्ट सांगताना त्यांची चाल मंदावे. "त्याच खांबावरनं एक झेंडा उतरला, दुसरा चढला. बंदूक तीच, सलामी तीच. पर दुसऱ्या येळंला पापनी लवली बग." मग ते पुन्हा झपाझप चालू लागत.

त्यांचं नाव त्यांच्याच हाकेवरून पडलं होतं. वाटेकडेच्या उसातून कोणी अवचित बाहेर आलं की ते खर्जात विचारत, "थांब. हुकुमदर?" गावानं ठरवलं, हा हुकूम सोडणारा मोठा अंमलदार असणार. आमच्या गावची शाळा सातवीला संपत होती. पुढं बारामतीला मला एकटीला पाठवायला माझे वडील, आबा, तयार नव्हते. "अंमलदार मानूस संगं हाय," एवढ्या एका भरवशावर ते राजी झाले.

आठवीत इंग्रजी सुरू झालं. मी गुरुजींना 'हुकुमदर'चा अर्थ विचारला. ते हसले. "अगं, 'हू कम्स देअर'. कोण येतंय तिकडं? पहारेकऱ्याचा प्रश्न आहे तो." ही गंमत मी जेवताना घरी सांगितली आणि आबांच्या हातातला घास थांबला. "म्हंजे सादा शिपाई? उद्यापासनं शाळा बंद."

सकाळी आबा हुकुमदारांच्या गोठ्यात गेले. आशा सुटत नव्हती, म्हणून मीही दप्तर घेऊन मागोमाग गेले. हुकुमदार धार काढत होते.

"तुमी अंमलदार न्हवता?"

"न्हाय. शिपाई व्हतो. लोक म्हनत गेलं, मी आयकत गेलो. बरं वाटायचं. चूक माजीच हाय."

धार काढायचं मात्र ते थांबले नाहीत. मग वर न बघता ते म्हणाले, "पर आबा, अंमलदार आत बसायचं. दाराशी मी आसायचो. पोरीसंगं तुमास्नी आत बसनारा पायजे, का दाराशी उभा ऱ्हानारा?"

 कच्च्या दुधाचा कोमट वास, ओल्या वैरणीचा वास. शेवटी आबांनी माझ्या दप्तराकडे पाहिलं. "उशीर हुईल तिला," एवढंच म्हणाले.

चार वर्षं मी त्या पावलांमागून चालले. आज माझ्यापाशी जी काही अक्षरं आहेत, ती त्या धुळीतून आलेली आहेत. मॅट्रिक होऊन मी शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी पुण्याला निघाले, तेव्हा ते बारामती स्टेशनवर आले नाहीत. रतीब चुकला असता.

पुढच्या जूनमध्ये मी सुट्टीला घरी होते. न सांगता, न विचारता आबांनी माझ्या धाकट्या बहिणीला हुकुमदारांच्या दारात नेऊन उभं केलं. हुकुमदारांची नजर आता अधू झाली होती. तरी त्यांनी वाकून तिला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं.

"वहानंचा अंगठा तुटलाय. दोन कोस जायाचं हाय. शिवून आना, आमी थांबतो."

ज्या आबांनी घरात कधी स्वतःचा तांब्यासुद्धा उचलला नव्हता, ते लेकीची वहाण हातात धरून, भर गल्लीतून, ती शिवून आणायला गेले.