पिठाचा वास

आमच्या आष्टीच्या गिरणीवाल्याच्या पापण्यांवरही पीठ असायचं. त्याच्या लेकीला फिट यायच्या. डॉक्टरांनी फिटांवरचं पथ्य म्हणून तिची भाकरी-साखर बंद करून तूप, लोणी, अंडी लावली, तसं तिच्या सोबतीला त्यानंही तेच खाणं धरलं. पहिला आठवडा अंगाला ते मानवेना; दुखरं डोकं धरून, मिठाचं पाणी पीत दळायचा. पुढं सावरला; दिवसभर भूकसुद्धा लागेना.

"अंगानं ऐकलं, सर. तिच्या फिटबी कमी झाल्या," एवढंच सांगायचा. बोलणं मुळातच कमी.

काल गिरणी बंद करून तो नळाखाली बसला. कानामागचं, नखांतलं पीठ घासघासून काढलं. शर्टही बदलला.

"घरीच जायचंय ना? मग एवढं काय घासताय?" मी विचारलं.

"भाकरी बंद झाल्यापासून पोरगी गळ्यात पडती अन् शर्टच हुंगत बसती, सर."