गाजराचा वाफा कोण पेरणार

थंडी ओसरली की तात्यांच्या घरात कामांची नुसती झुंबड उडते. कुंपणाचे कुजलेले खांब बदला, खताचा ढीग खालवर करा, बियाण्याचे बटाटे कोंब यायला खिडकीत मांडा. शेत एवढंसं, कामं ढीगभर. त्यात गाजराची पेरणी मात्र तात्यांची. बेचाळीस वर्षं ते तिळाहून बारीक बी त्यांच्या चिमटीतून नेमकं अंतर राखून पडत आलं.

दोन वर्षांपासून हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, वयाचं आहे. चहा बशीत सांडला तर तात्या बशीच तोंडाला लावून मोकळे होत. बियांचं तसं जमेना. गेल्या साली गाजरं दाटीवाटीनं उगवली आणि एकमेकांना वेटोळी घालून बसली. घरात कुणी चकार शब्द काढला नाही. तेच तात्यांना जास्त लागलं.

यंदा त्यांची बायको, म्हणजे आख्ख्या गल्लीची काकू, न्याहारीच्या वेळी सहज बोलल्यासारखं बोलली, "गाजरं या वेळी सूनबाई पेरेल."

"का? मी मेलो का?"

"मरताय कशाला! मग खुराडं कोण साफ करणार?"

सूनबाईनं घाईघाईनं ताटल्या उचलल्या.

तात्या तरातरा खुराड्याकडे गेले. रागाच्या भरात काम झपाझप झालं. जुना पेंढा ओढून काढला, फळ्या खरवडल्या. पिसवा होऊ नयेत म्हणून शेवटी राख भुरभुरायची, त्यासाठी बुडाला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा होता. तो हातात धरला, तर मुद्दाम हलवायची गरजच नाही! हात आपला आपण थरथरत होता आणि चाळणीतून पीठ पडावं तशी राख सगळीकडे सारखी पसरत होती. एक कोंबडी मधे कडमडली, तीही चोचीपासून शेपटीपर्यंत एकसारखी करडी झाली.

तात्या तिच्याकडे बघतच राहिले. "अगं बये, हे आधी सांगायचंस की!"

अर्ध्या तासात दुसऱ्या डब्याला बारीक खिळ्यानं भोकं पडली. कोरडी वाळू चाळून तात्यांनी त्यात बी मिसळलं आणि वाफा गाठला. सूनबाई दोरी ताणून पेरायला बसलीच होती.

"ऊठ, माझी जागा आहे ती."

"पण बाबा, आईंनी सांगितलंय..."

"आईंचं मी बघतो. तू मागून माती सारत ये."

पहिली ओळ संपायच्या आत काकू ओले हात पुसत आली.

"अहो, हा काय खुळखुळा?"

"खुळखुळाच. म्हातारपणी खेळतोय."

"आणि डबा? माझा चहाचा डबा तो! नवाकोरा!"

"चहा पातेल्यात ओतून ठेवलाय. झाकण घातलंय," तात्या मान वर न करता म्हणाले.

तीन आठवड्यांनी कोवळी हिरवी रेघ वर आली. काकू वाफ्याशी उकिडवी बसून वीत वीत तपासत गेली. चूक सापडल्याशिवाय उठणार नाही, असा चेहरा. शेवटी काकूनं एका जागी बोट टेकवलं.

"इथं टक्कल आहे."

"तिथं शिंक आली होती मला."

काकूनं हसू दाबलं, गुडघ्यावर हात टेकून उठली. "पलीकडे मुळा टाकायचाय. तोही तुम्हीच टाका."

"बघू, विचार करून सांगतो," तात्या म्हणाले आणि वाळू चाळायला बसलेसुद्धा.