बोटाने उघडणारं दार

माझे थोरले दीर रोह्याच्या कंपनीतून निवृत्त झाले आणि घरात त्यांना कुणाला हुकूम सोडता येईना. तेवढ्यात दुबईला असलेल्या त्यांच्या मुलाने बोट टेकवलं की उघडणारं कुलूप पाठवलं. दीर असे खूष झाले की मी पेणहून नुसती भेटायला गेले, तर पाणी विचारायच्या आधी त्यांनी मला चार वेळा दार उघडून दाखवलं.

"आता किल्ली नाय, काय नाय. बोट म्हणजेच किल्ली!"

जाऊबाईंचं बोट मात्र त्या कुलपाला मान्य नव्हतं. जाऊबाई माहेरच्या पेणच्या. लग्नाआधीपासून दर उन्हाळ्यात पोह्याचे पापड लाटत आलेल्या. पीठ कुटून, मळून, लाटून बोटांवरच्या रेषा पार पुसलेल्या. रेशनच्या दुकानातही त्यांचा अंगठा उठत नाही. त्यांनी बोट ठेवलं की कुलपातली बाई गोड आवाजात इंग्रजीत म्हणायची, पुन्हा प्रयत्न करा.

"बोट नीट ठेव," दीर म्हणायचे. कुलूप परदेशचं, म्हणजे चूक बायकोचीच.

कुलपाला आकडेही चालतात, पण ते त्यांनी जाऊबाईंना सांगितले नाहीत. "तू सगळ्या आळीला सांगत सुटशील!"

मग मुलाने उपाय काढला. आईने बाहेरून फोन करायचा, त्याने दुबईतून मोबाईलवर दार उघडायचं. एकदा मी जाऊबाईंबरोबर बाजारातून आले. दीर बाहेर गेलेले. हातात कोलंबीची पिशवी, डोक्यावर ऊन, आणि मुलगा मीटिंगमध्ये. शेवटी शेजारणीच्या ओट्यावर बसून आम्ही कोलंबी सोलून काढली. त्याने दार उघडलं, तेव्हा आतून घ्यायचा फक्त मीठ-मसाला राहिला होता.

पुढे वेगळंच सुरू झालं. दार उघडलं की मुलाच्या मोबाईलवर कळतं. एके दिवशी माझ्यासमोर त्याचा फोन आला, "आई, काल दुपारी उन्हात कुठे गेली होतीस?"

जाऊबाईंचा चेहरा उतरला. "भजनाला," एवढंच म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "सासू होती तेव्हा पण एवढं कुनी इचारलं नाय गो. तिला निदान झोप तरी लागायची."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुतार बोलावला आणि मागच्या दाराला बाहेरून कडी-कोयंडा बसवून घेतला. साधं पितळी कुलूप, किल्ली मंगळसूत्राला.

दीर भडकले. "मग एवढं महागाचं कुलूप कशाला?"

"पाव्हन्यांना दाखवाया," जाऊबाई म्हणाल्या आणि भात गाळायला आत गेल्या.

पावसाळ्यात त्या परदेशी कुलपात दमट हवा शिरली आणि ते बोटालाच काय, आकड्यांनाही दाद देईना. मधल्या बोटाने, करंगळीने, फुंकर मारून, शर्टाला पुसून, दिरांनी सगळं करून पाहिलं. हल्ली ते चप्पल हातात घेऊन गोठ्याच्या बाजूने, चिखलातून मागच्या दारी येतात आणि जाऊबाईंना हाक मारतात. त्या हातातलं काम संपवून सावकाश उठतात.

मुलाला यातलं काही ठाऊक नाही. आईवडील हल्ली घराबाहेरच पडत नाहीत, असं त्याचा मोबाईल सांगतो. काळजीने त्याने आता मनगटावर बांधायची, चाललेली पावलं मोजणारी घड्याळं पाठवली आहेत.


जाऊबाईंनी आपलं घड्याळ म्हशीच्या गळ्यातल्या दाव्याला बांधलंय. मुलगा खूष आहे. आई बरीच चालते म्हणे.