मऊ टोमॅटोंची चटणी

काकींनी भाजीचा भाव कधी विचारला नाही. भाव करणं माझं काम. जुईनगरात डबे पुरवून स्वतःचं घर घेतलेली बाई मी. आवाज चढवल्याशिवाय रुपया सुटत नाही, हे मला पक्कं ठाऊक. काकी शेजारच्या, माहेर बोनकोड्याचं. वाशीच्या घाऊक बाजारात मी व्यापाऱ्याशी भांडत असले की त्या शांतपणे पेटीत कोपरापर्यंत हात घालून तळाचा टोमॅटो वर काढायच्या. "वरचा माल बगायचा, खालचा खायचा हाय," म्हणायच्या.

तिथे अख्खी पेटीच घ्यावी लागते, म्हणून आमच्या मजल्यावरच्या पाच जणी मिळून आणायचो आणि काकींच्या दारात वाटे घालायचो. नियम काकींचा, त्यांच्या गावात मासळीचे वाटे घालतात तसा: थोरलीनं पहिला उचलायचा, वाटे घालणारीनं शेवटचा. भाव पाडायचा मी, वाटे घालायचे मी, आणि उरलेलं मला! "अगो, शेवटी तूच उचलनार म्हटल्यावर वाटे सारकेच पडनार," काकी हसून म्हणायच्या.

एकदा काकींचे गुडघे धरले आणि मी एकटीच गेले. असा भाव पाडला, की व्यापारी हात जोडून म्हणाला, "ताई, न्या आणि जा." घरी पेटी उपडी केली, तर तळाचे टोमॅटो पिचलेले. बायकांचे चेहरे पडले. समोरची म्हणाली, "यापेक्षा हातगाडी बरी. उद्यापासून आपापलं आणू." मी इतकी तापले, की मऊ टोमॅटो सगळे एकाच वाट्यात टाकले. शेवटचा वाटा माझाच ना? खाईन मी! कुणाचे टोमणे नकोत.

तेवढ्यात काकी लंगडत आल्या. पहिला मान त्यांचा. त्यांनी सरळ तोच वाटा पदरात घेतला.

"काकी, तो माझा!" मी ओरडले.

"तुजा कसा? थोरली मी हाय."

संध्याकाळी घरोघरी वाटीभर चटणी आली, ठेचलेल्या लसणाची फोडणी दिलेली. हातगाडीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. पण त्या चटणीचं कौतुक आजही चालतं आणि मी पाडलेला भाव एकीलाही आठवत नाही, हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

काकी आता उरणला, मोऱ्याला लेकीकडे राहतात. फोनवर मी भाव सांगते, त्या विचारतात, "तळाला हात घातलास का?" मजल्यावर थोरली आता मीच. वाटे समोरचीची सून घालते, पहिला मी उचलते. मऊ टोमॅटो एकाच वाट्यात टाकायला लावते, तोच उचलते, आणि चटणी वाटताना प्रत्येकीला भावही ऐकवते.