सत्तर मीटरचं पातं आणि चार तासांची झोप

तिसरी जांभई आली की आमचे भावोजी ट्रेलर बाजूला घेतात. मग मागून कोणी कितीही हॉर्न बडवो. बावीस वर्षं अवजड गाड्या चालवूनही गाडीला ओरखडा नाही, ते या हट्टामुळेच. एरवी आडवे होताच घोरणारा माणूस, पण पवनचक्कीचं सत्तर मीटर लांब पातं न्यायचं काम मिळालं आणि आदल्या रात्री आनंदानेच त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी सहाला मी आणि त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, त्यांना निरोप द्यायला डेपोत गेलो. जाऊ तर लग्नाला निघाल्यासारखी नटलेली. मुकादमाने नेहमीचा प्रश्न विचारला, "झोप किती?"

भावोजींनी एकदा पात्याकडे पाहिलं. "तासभर. तीही धड नाही."

"अहो!" जाऊ कुजबुजली, "सहा तास म्हणाला असतात, तर जीभ झडली असती का?"

"जीभ नाही, वळणावरच्या दुकानांची छपरं झडली असती."

मुकादमाने किल्ली दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात ठेवली. "सरळ रस्ता हा नेईल. गावातल्या वळणापर्यंत तुमची झोप झाली तर पुढे तुम्ही. नाहीतर वळणही याचंच."

भावोजी निमूट केबिनमध्ये चढून सीटमागच्या बाकावर आडवे झाले.

"वहिनी, आता यांना कसली झोप लागतेय!" जाऊ म्हणाली.

आम्ही स्कूटरवरून वळण गाठलं. तिथे ही गर्दी! साडेदहाला ट्रेलर येऊन थांबला. दुसरा ड्रायव्हर खाली उडी मारून जाऊला म्हणाला, "वहिनी, हा माणूस आहे की इंजिन? चार तास घोरतोय, माझे कान गेले!"

विस्कटलेल्या केसांनी भावोजी उतरले. घाई नाही. तोंड धुतलं, वळणाला पायीच चक्कर मारली, झोप पुरती उतरू दिली आणि मगच स्टिअरिंग धरलं.

पातं हललं. शिंप्याच्या दुकानाच्या पत्र्यावरून सरकलं, विजेच्या खांबापाशी आलं. मध्ये फक्त वीतभर जागा! दुसरा ड्रायव्हर शेपटाकडून ओरडत होता, "येऊ द्या, येऊ द्या... बस्स! आता डावीकडे!" जाऊने माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. शेपूट खांबाला वळसा घालून सुटलं आणि सगळा रस्ता एकदम ओरडला.

जाऊ तर अनोळखी माणसांचे खांदे हलवून सांगत सुटली, "अहो, ते चालवतायत ना, ते आमचे!"