वरच्या पायरीवरचा टीव्ही

तुमच्यावर नादारीचा अर्ज करायची वेळ आली, तर न्यायाधीशापासून कोणती वस्तू लपवाल? लगेच ‘काहीच नाही’ म्हणू नका. आमच्या घरीही सगळे हेच म्हणत होते.

अण्णाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, जे. पी. नगरात व्हिडिओ लायब्ररी होती. घरोघरी केबल आली आणि कॅसेटी धूळ खात पडल्या. कर्ज फिटेना. वकिलांनी बजावलं, की घरात जे आहे ते सगळं कोर्टाला लिहून द्या. ते विकून देणी भागतील तेवढी भागतील, आणि तुमची अटकेची भीती जाईल. पण एक वस्तू जरी लपवलेली सापडली तर अर्जही गेला आणि वर तुरुंग. दसऱ्याच्या सुट्टीनंतर कोर्ट उघडलं की यादीवर सही करायची ठरली.

मी पत्रकांवर वाढलेली. वडील कारखान्याच्या फाटकावर युनियनची पत्रकं वाटायचे, आणि उरलेल्या पत्रकांवर मी अक्षरं गिरवली. तेव्हा जेवताना मी जाहीर केलं, “या घरात एक चमचाही लपवला जाणार नाही.”

“सरी, ठीक आहे,” अण्णा म्हणाला. वहिनीनं आमटी वाढली.

“आधी जेव, मग क्रांती कर,” आई म्हणाली.

आमच्या वरच्या मजल्यावर एक अक्का राहायच्या. दसऱ्यात पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडायच्या आणि गल्लीभरच्या बायकांना बघायला बोलवायचं, ही इथली कानडी रीत. आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांनीही ती केव्हाच आपली केलेली. त्या दिवसांत कुणालाही दार बंद नसतं. विजयादशमीच्या दुपारी आम्ही चौघं वर गेलो आणि दारातच थबकलो.

सगळ्यात वरच्या पायरीवर अण्णाच्या दुकानातला मोठा टीव्ही होता, आणि त्यावर मैसूरच्या दसऱ्याची हत्तींची मिरवणूक चालू होती. त्याच्या पुढ्यात अक्कांचे मातीचे हत्ती त्याच दिशेनं निघाले होते. दोन्ही बाजूंना वहिनीच्या चांदीच्या समया. खाली आरशाचं केलेलं आमच्या शहरातलं हेब्बाळ तळं, आणि त्याकाठी विजेचे खांब म्हणून अण्णाचे स्क्रूड्रायव्हर उभे. त्यांवरून सोल्डरच्या तारा ओढल्या होत्या.

अण्णानं वहिनीकडे पाहिलं, वहिनीनं आईकडे, आईनं छताकडे. तिघांनी एकमेकांना कळू न देता एकेक वस्तू त्याच एका घरी पोचवली होती: अण्णानं टीव्ही, वहिनीनं समया, आईनं अण्णाची हत्यारं.

“अक्का, जरा ठेवा म्हटलं होतं,” वहिनी पुटपुटली.

“ठेवलंच की. कुठे ठेवायचं ते कुठे सांगितलंस? वरची पायरी स्वल्प कमी पडत होती.”

मला हसू फुटलं. आवरता आवरेना, म्हणून मी भिंतीला टेकले. तेवढ्यात अण्णाला सगळ्यात जास्त कर्ज दिलेल्या फायनान्सवाल्याची बायको हळदीकुंकवाला आत आली. बेळगावकडची बाई, नजर तिखट. टीव्हीच्या कडेला चिकटवलेली पट्टी तिनं मोठ्यानं वाचली, “कॅसेट रिवाइंड करून परत करा.” मग अण्णाकडे वळून म्हणाली, “हत्ती पण रिवाइंड करून देता काय हो?”

अण्णानं मान खाली घातली. तिच्या एका शब्दावर तो आत जाऊ शकत होता. मी डोळे पुसत पुढे झाले. “हे आमचंच आहे, बाई. अजून सही झालेली नाही. हा टीव्ही, या समया, हे खांबसुद्धा यादीत येणार.”

आईनं मला चिमटा काढला. पण अण्णानं मान वर केली. “येणार,” तो म्हणाला. “मीच पाठवला होता वर. चुकलं.”

“मग लिहा नीट,” बाई खाली बसत म्हणाली, “पण आत्ता बंद करू नका, अंबारी यायची आहे.” मग आम्ही सगळ्यांनी, लपवणाऱ्यांनी आणि जिच्यापासून लपवलं तिनंही, चुरमुरे खात अंबारी पाहिली. माझं हसू अधूनमधून पुन्हा उसळत होतं, आणि शेवटी त्याची लागण आईलाही झाली.

नंतर वकिलांनी यादी पाहिली. माणूस ज्या हत्यारांवर पोट भरतो ती कायदा त्याच्याकडेच ठेवतो, म्हणून हत्यारं राहिली. समया वहिनीच्या माहेरच्या, म्हणजे तिच्याच. दोघींनी चोरी केली ती फुकट. गेला तो टीव्ही. कोर्टात समोरच्या वकिलानं, “काही लपवलंय का?” विचारलं, तेव्हा अण्णानं “नाही” म्हटलं, आणि ते खरं होतं. अर्ज मंजूर झाला. अण्णा आता लोकांचे टीव्ही दुरुस्त करतो. पुढच्या दसऱ्याला पायरी बुटकी राहिली म्हणून अक्का मात्र माझ्यावर रुसल्या.

तेव्हा हे माझं पत्रक. तुमच्या घरात असा अर्ज लिहिला जात असेल, तर सहीआधी वरच्या मजल्यावर जा, तिथे ठेवलेलं सगळं खाली आणा आणि वकिलासमोर मांडा. आजच जा.